गाडी तीच, रूळ नवे : रेल्वे आरक्षणाच्या कॉम्प्युटरची चाळीस वर्षे

"अहो, कॉम्प्युटर तर झकास चाललाय, मग तो बदलायचा कशाला?" कारखान्याच्या सभेत कुणी ना कुणी सभासद उठून हा प्रश्न विचारतोच. प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे आणि चालू वस्तू मोडीत काढणे आपल्या शेतकऱ्याच्या रक्तात नाही. इंजिनाची मोटर जळेपर्यंत आणि पाइप फुटेपर्यंत आपण ते वापरतो. पण उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, काट्यावरचे वजन, तोडणी-वाहतुकीची कपात आणि शेवटी बँकेत जमा होणारे बिल, हे सारे आता त्या एका पेटीतून जाते. ती ऐन हंगामात बसली तर गव्हाणीत मोळ्या पडत राहतील, पण कुणाचा ऊस किती आला हे सांगणार कोण?

म्हणून या अंकात आम्ही आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या एका कॉम्प्युटरची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. ती आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. सोलापूर स्टेशनवर सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे तिकीट ज्याने काढले, त्याने हा कॉम्प्युटर वापरला आहे. भारतीय रेल्वेचे आरक्षण ज्या यंत्रांवर चालते, त्या यंत्रांची जात गेल्या चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा बदलली, आणि खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही.

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना जुनी रीत आठवत असेल. गाडीगणिक रजिस्टर असायचे आणि त्या रजिस्टरची खिडकी ठरलेली. मुंबईची रांग वेगळी, दुसऱ्या गाडीची वेगळी. चुकीच्या रांगेत तासभर उभे राहिलेला माणूस कपाळावर हात मारून पुन्हा दुसऱ्या रांगेच्या शेपटाला जायचा. परतीचे आरक्षण हवे असेल तर स्टेशनवरून तार जायची आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर येईल तेव्हा खरे. एकाच बर्थवर दोघांची नावे पडली की डब्यात जी भांडणे होत, ती इथे सांगत बसत नाही.

हे काम कॉम्प्युटरवर नेण्याची सुरुवात १९८५-८६ च्या सुमारास नवी दिल्लीत झाली. कार्यक्रम लिहून देण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीने केले. सीएमसी म्हणजे कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन. आयबीएम ही अमेरिकन कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली, तेव्हा तिची देशभर विखुरलेली यंत्रे सांभाळण्याची जबाबदारी याच सीएमसीवर आली होती. मूळ मालक निघून गेला म्हणजे त्याच्या यंत्राचे काय होते, हे या मंडळींना पहिल्यापासून ठाऊक होते. त्यांनी जी आरक्षण पद्धत उभी केली तिचे नाव इम्प्रेस. ती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, थोडक्यात डेक, या अमेरिकन कंपनीच्या 'व्हॅक्स' यंत्रांवर चालू लागली. पाठोपाठ मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद इथे केंद्रे झाली. आपले सोलापूर मध्य रेल्वेत, म्हणून आपला कारभार मुंबईच्या केंद्राकडे गेला. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट, ही सोय तिथून सुरू झाली.

आता व्हॅक्स म्हणजे काय, हे थोडे पाहू. डेकने हे यंत्र ऑक्टोबर १९७७ मध्ये जाहीर केले. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य चकती असते, तिला प्रोसेसर म्हणतात. बेरीज कर, अमुक जागेवरून आकडा उचल, तमुक जागी ठेव, असे हुकूम ती पाळते. पण हे हुकूम कोणत्या भाषेत द्यायचे ते त्या त्या चकतीच्या घडणीवर ठरलेले असते. एका घडणीची भाषा दुसरीला कळत नाही. कॉम्प्युटर अधिक वेगवान झाला एवढ्याने भाषा बदलत नाही, घडण बदलली की मात्र बदलते.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावायला कुर्डुवाडीचे उदाहरण पुरेसे आहे. मुंबईहून रेल्वे सोलापुरात १८६० साली आली. त्या मोठ्या रुळावर आधी वाफेची इंजिने धावली, मग डिझेलची, आता विजेची. इंजिने बदलली पण डबे, फलाट आणि रूळ यांना त्याचे काही वाटले नाही. कॉम्प्युटरमध्ये अधिक वेगाचा तसाच प्रोसेसर बसवणे म्हणजे हे झाले. पण १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळाची होती. मोठ्या गाडीचा वाघिणीतला माल कुर्डुवाडीला हमालांनी उतरवायचा आणि छोट्या वाघिणीत भरायचा. पंढरीच्या वारकऱ्यानेही गाठोडे उचलून गाडी बदलायची. २००० नंतर टप्प्याटप्प्याने ती लाइन ब्रॉडगेज झाली तेव्हा नुसते इंजिन बदलून भागले नाही. रूळ, पूल, डबे, सगळेच नवे करावे लागले. प्रोसेसरची घडण बदलणे म्हणजे असे गेज बदलणे आहे. जुने डबे नव्या रुळावर उभेच राहात नाहीत.

रेल्वेच्या आरक्षणाने असे गेज एकदा नव्हे, अनेकदा बदलले.

व्हॅक्सची घडण मोठी ऐसपैस होती. तीनशेच्या आसपास हुकूम, त्यातले काही इतके गुंतागुंतीचे की एकाच हुकुमात अख्खे गणित उरकावे. १९८० नंतरच्या दशकात अभियंत्यांच्या ध्यानात आले की हुकूम थोडे, साधे आणि एका मापाचे ठेवले तर चकती कितीतरी वेगाने पळते. डेकने त्या तत्त्वावर 'अल्फा' नावाची नवी चकती १९९२ साली आणली. व्हॅक्स होती ३२ बिटांची, अल्फा ६४ बिटांची. घडण अगदीच निराळी. पण डेकने एक शहाणपणा केला. व्हॅक्सवर जी मूळ कार्यप्रणाली चालत असे, जिला व्हीएमएस म्हणतात, तीच त्यांनी नव्या चकतीवर चालवून दाखवली. म्हणजे स्टेशनमास्तर, सिग्नल, वेळापत्रक तेच, फक्त खालचे रूळ नवे. व्हीएमएसची एक गंमत जाता जाता सांगतो. ही प्रणाली आपले दिवस १७ नोव्हेंबर १८५८ पासून मोजते. खगोलशास्त्रज्ञांच्या दिवसमोजणीचा एक आरंभ तिथे धरला जातो म्हणून. तारखा अशा मोजल्यामुळे सन २००० उजाडताना साऱ्या जगाला जी धडकी भरली होती, त्या वेळी निदान ही प्रणाली स्वतः निवांत होती.

दरम्यान रेल्वेने कारभार स्वतःच्या हाती घेतला होता. १९८६ साली 'क्रिस' ही रेल्वेची स्वतःची माहिती-यंत्रणा संस्था स्थापन झाली आणि तिने इम्प्रेसच्या जागी 'कॉन्सर्ट' नावाची पद्धत तयार केली. १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि सोलापूरच्या खिडकीवरून हावडा ते पाटणा असे तिकीट मिळू लागले. २००२ पासून आयआरसीटीसीमार्फत घरबसल्या तिकीट निघू लागले, पण त्या मागची नोंदवही तीच. कॉन्सर्ट फोर्ट्रान आणि सी या भाषांत लिहिलेली. फोर्ट्रान म्हणजे १९५० नंतरच्या दशकातली भाषा, कॉम्प्युटरच्या जगात आजोबाच. पण या आजोबांचाच इथे उपयोग झाला. चकतीच्या हुकुमांत थेट न लिहिता माणसाला वाचता येईल अशा भाषेत कार्यक्रम लिहिला, आणि ते मूळ लिखाण जपून ठेवले, तर नव्या चकतीसाठी त्याचे नव्याने भाषांतर यंत्राकडूनच करवून घेता येते. लिखाण हरवले असेल तर मात्र पंचाईत. मग कुर्डुवाडीचे हमाल लावावे लागतात. डेकने असे हमालही पुरवले होते, म्हणजे व्हॅक्सचे तयार हुकूम एकेक उचलून अल्फाच्या हुकुमांत भरणारा कार्यक्रम. काम भागते, पण माल चढवा-उतरवायला वेळ जातो तो जातोच.

हे सगळे वाचून वाटेल की भाषांतर केले की झाले. तसे नसते. आम्हांला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट दशांशांची.

आपल्या वहीत एक भागिले तीन पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३३ करत कुठेतरी थांबावे लागते. कॉम्प्युटरचे हिशेब दोनाच्या पटीत चालतात, त्यामुळे त्याला एक दशांश, म्हणजे ०.१ हा साधा आकडासुद्धा पूर्ण लिहिता येत नाही. तोही कुठेतरी थांबतो. कुठे थांबायचे हे घडणीवर ठरते. व्हॅक्सवर अपूर्णांक ठेवण्याची एक रीत होती, तिच्यात ५६ बिट आकड्यासाठी मिळत. अल्फाने ती रीत जेमतेम चालवली, गणित करताना शेवटचे तीन बिट गळून जात. पुढच्या घडणीत तर व्हॅक्सच्या रीती चकतीत उरल्याच नाहीत, जगाने मान्य केलेली प्रमाण रीत तेवढी राहिली. फरक किती? सोळाव्या-सतराव्या आकड्याला. म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण हिशेब बरोबर अर्ध्या पैशावर येऊन थांबला की एक यंत्र तो वर ढकलते आणि दुसरे खाली. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. उतारा, वजन, कपात यांचा गुणाकार-भागाकार करताना असा अर्धा पैसा हजारो बिलांत कुठे ना कुठे येणारच. एका सभासदाला पैशाचा फरक पडला तर कुणी विचारणार नाही. पण जुन्या यंत्राची एकूण बेरीज आणि नव्याची बेरीज जुळली नाही, तर लेखापरीक्षक विचारेल, आणि त्याने विचारलेच पाहिजे. म्हणून पैशाचे हिशेब अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत किंवा दशांशाच्या खास रीतीत ठेवावेत, हा जुन्या जाणत्यांचा दंडक आहे. ज्यांनी तो पाळला त्यांना यंत्र बदलताना रात्री झोप लागली.

असो. अल्फा उत्तम चालली होती. मग ती का सोडली? या प्रश्नाचे उत्तर चकतीत नाही, बाजारात आहे. डेक कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने विकत घेतली. २००१ च्या जूनमध्ये कॉम्पॅकने जाहीर केले की आपण यापुढे अल्फा वाढवणार नाही, सर्व ग्राहकांना इंटेलच्या 'इटॅनियम' चकतीवर नेणार. पुढच्याच वर्षी कॉम्पॅक स्वतः एचपीत विलीन झाली. ज्या चकतीला अभियंत्यांनी नावाजले होते ती अशी कागदावर निकालात निघाली. ग्राहकाचे मत कुणी विचारले नाही. बियाणे उत्तम, उतारा उत्तम, पण कंपनीने ते वाण बंद केले, असेच म्हणा ना.

व्हीएमएस इटॅनियमवर पहिल्यांदा २००३ च्या जानेवारीत सुरू झाले आणि कामाला लावण्याजोगी आवृत्ती २००५ साली आली. भारतीय रेल्वेचे आरक्षणही पुढे इटॅनियमवर गेले. या प्रणालीत एक सोय मोठी मोलाची होती. १९८३ पासून व्हीएमएसची अनेक यंत्रे एका जुडग्यात बांधता येत आणि सर्वांना एकच नोंदवही वापरता येई. पुढे त्या जुडग्यात जुन्या घडणीचे आणि नव्या घडणीचे यंत्र शेजारी शेजारी बसवता येऊ लागले. म्हणजे जुने बंद न करता नवे सुरू करायचे, थोडे काम त्याच्याकडे वळवायचे, आठवडा-पंधरवडा नजर ठेवायची, मग आणखी थोडे वळवायचे. काही बिघडले तर काम पुन्हा जुन्याकडे. आपण नवी मिल बसवताना हे करू शकत नाही, कारण आपल्याला बिगरहंगाम मिळतो. एकदा कारखाना बंद झाला की मिल उघडून टर्बाइन खाली उतरवून फिटर मंडळी निवांत ओव्हरहॉलिंग करतात.

रेल्वेला बिगरहंगाम कुठला? तो आहे, पण रोज रात्री अर्ध्या तासाचा. पावणेबाराच्या सुमारास आरक्षण बंद होते आणि बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास पुन्हा सुरू होते. त्या वेळात दिवस पालटतो, नोंदवह्या पुढच्या तारखेला सरकतात. मोठे काम निघाले तर जास्त वेळ मागावा लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये, कोविडच्या काळात 'स्पेशल' म्हणून शून्याने सुरू होणारे क्रमांक दिलेल्या गाड्यांना पुन्हा जुने क्रमांक द्यायचे होते. त्यासाठी १४ ते २१ तारखांदरम्यान सात रात्री, साडेअकरापासून पहाटे साडेपाचपर्यंत, आरक्षण बंद ठेवले गेले. इतक्या लोकांची आगाऊ काढलेली तिकिटे हातात असताना गाडीचा क्रमांक बदलायचा, म्हणजे सभासदाचा खाते क्रमांक बदलून त्याचा ऊस त्याच्याच नावावर राहील हे पाहण्यासारखे आहे. रात्री सहा तास आणि तेही सात हप्त्यांत, हा सावधपणा आम्हांला शिकण्याजोगा वाटतो.

इटॅनियमचे पुढे काय झाले हेही सांगून टाकतो. ती चकती बाजारात कधी धरलीच नाही. तिच्यात तीन-तीन हुकूम आधीच एकत्र बांधून द्यायचे आणि कोणते हुकूम एकाच वेळी पाळता येतील हे भाषांतर करणाऱ्या कार्यक्रमाने आधीच ठरवून ठेवायचे, अशी कल्पना होती. कल्पना चांगली, पण ते ठरवणे वाटले तितके सोपे निघाले नाही. तोवर घरगुती कॉम्प्युटरात जी चकती असते तिचीच ६४ बिटांची आवृत्ती एएमडी या कंपनीने २००३ साली आणली. ती स्वस्त होती आणि जुने कार्यक्रमही चालवत होती. तिने बाजार खाल्ला. इंटेलने शेवटच्या इटॅनियम चकत्या २०१७ साली काढल्या आणि जुलै २०२१ मध्ये त्यांची रवानगी थांबली. म्हणजे देशातल्या आरक्षणाची यंत्रे ज्या घडणीवर उभी, ती घडण बनवणाराच उरला नाही. सुट्या भागांसाठी जुन्या बाजाराकडे पाहायचे, आणि फोर्ट्रान जाणणारी माणसे एकेक करून निवृत्त होणार.

पुण्याच्या सी-डॅकलाही असाच अनुभव आला होता. त्यांनी १९९१ साली उभा केलेला 'परम ८०००' हा इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चकत्यांवर होता. त्या चकत्यांची वाट पुढे खुंटली. मग 'परम'च्या पुढच्या पिढ्या स्पार्कवर गेल्या, 'परम पद्म' आयबीएमच्या पॉवर चकतीवर आणि २००८ चा 'परम युवा' इंटेलवर. प्रत्येक वेळी कार्यक्रम नव्याने बसवावे लागले. तेव्हा हा भोग एकट्या रेल्वेचा नाही.

अशा वेळी पुढे दोन वाटा असतात. एक, तीच व्हीएमएस नव्या चकतीवर न्यायची. हा मार्गही खुला झाला आहे, २०१४ पासून एका स्वतंत्र कंपनीने व्हीएमएस सांभाळायला घेतले आणि २०२२ साली घरगुती जातीच्या चकतीवर चालणारी आवृत्ती दिली. दुसरी वाट, जुने घर सोडून सगळे नव्याने बांधायचे. रेल्वेने २०२३ साली जाहीर केले ते दुसऱ्या वाटेचे. १९९० पासूनची रचना, इटॅनियम आणि व्हीएमएस सोडून क्लाउडवर चालेल अशी पद्धत करायची. पहिली वाट स्वस्त आणि सुरक्षित, पण पुढच्या दहा वर्षांत माणसे कुठून आणणार हा प्रश्न तसाच राहतो. दुसरी महागडी, आणि चाळीस वर्षांत कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेले बारीक नियम, कोटा, सवलत, प्रतीक्षा यादी, एकही न विसरता नव्याने लिहावे लागतात. आम्हांला स्वतःला विचाराल तर रेल्वेएवढा पसारा असेल तर दुसरी वाट, आणि आपल्याएवढा असेल तर जमेल तोवर पहिली.

साखर धंद्यातलेही एक उदाहरण आहे. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड वारणा' हा प्रकल्प झाला. गावोगावच्या केंद्रांत कॉम्प्युटर बसवले. बाजारभाव, शेती सल्ला, सरकारी माहिती असे पुष्कळ बेत होते, पण शेतकरी तिथे जाई तो मुख्यतः ऊसनोंद, तोडणी परवाना आणि बिलासाठी. काही वर्षांत ते कॉम्प्युटर जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागाने मग सात गावांत एक प्रयोग केला. कॉम्प्युटर काढून साधा मोबाइल ठेवला आणि एसएमएसने तीच माहिती मागवता येईल असे केले. शेतकऱ्यांनी तो सहज स्वीकारला. यंत्र बदलायच्या आधी लोक त्याचा खरोखर कशासाठी उपयोग करतात हे पाहिले, म्हणून ते काम हलके झाले.

आता आपल्या घरचे. कारखान्याने नवे यंत्र घ्यायचे ठरवले तर सभासदांनी सभेत किंमत जरूर विचारावी, पण तेवढ्यावर थांबू नये. कार्यक्रमाचे मूळ लिखाण कारखान्याच्या कपाटात आहे का, की ते लिहून देणाऱ्याच्या घरी आहे? करारात ते आपल्याला मिळेल असे लिहिले आहे का? जुने यंत्र आणि नवे यंत्र निदान एक पंधरवडा बरोबर चालवून दोन्हींची बिले पैशापर्यंत जुळवून पाहणार का? शेतकी खात्याच्या जुन्या नोंदी, अगदी खोडव्याच्या आणि आडसालीच्या तारखांसह, नव्या यंत्रात वाचता येतात का? आणि हे सर्व मोळी टाकण्याच्या किती दिवस आधी पुरे होणार? ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. यंत्र बदलत होतो ही सबब त्या आदेशात कुठे लिहिलेली नाही.

ज्यांच्या नोंदीत गट क्रमांक, क्षेत्र किंवा बँक खाते चुकीचे असेल त्यांनी बिगरहंगामातच गट ऑफिसात जाऊन ते दुरुस्त करून घ्यावे. जुन्या यंत्रातली चूक नव्या यंत्रात जशीच्या तशी जाते, फक्त जास्त वेगाने.